पाऊस पडायच्या आधीच डिशचा सिग्नल का जातो? (मुलुंड)

वैशाली_मुलुंड

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. गच्चीवर इमारतीतल्या बहुतेक घरांच्या डिश ओळीने लावलेल्या आहेत, सगळ्यांची तोंडं आग्नेयेला, खाडीच्या दिशेने. माझ्या बाबांना अंथरुणातून फारसं उठता येत नाही, त्यामुळे दिवसभर टीव्ही हाच त्यांचा सोबती. पावसाळ्यात चित्र गेलं की ते अस्वस्थ होतात आणि मला कामाच्या ठिकाणी फोन येतो. म्हणून हे नीट समजून घ्यायचं आहे.

जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑक्टोबरात एक गोष्ट हमखास होते. संध्याकाळी ऐरोलीच्या बाजूला काळंकुट्ट होतं, आमच्याकडे अजून थेंबही नसतो, वाळत घातलेले कपडे काढायलाही कोणी गेलेलं नसतं, आणि चित्राचे चौकोन-चौकोन होऊन पडदा निळा. मग थोड्या वेळाने धो धो पाऊस सुरू होतो. आणि गंमत अशी की कधीकधी तो पाऊस ऐन भरात असतानाच चित्र परत येतं!

जुलैत नेमकं उलटं. दिवसभर संततधार, तुळशी तलाव भरून वाहतो म्हणून बातम्या येतात, त्या बातम्या आम्ही त्याच टीव्हीवर स्वच्छ बघतो. मग एखादी जोरदार सर येते आणि दहा मिनिटं सगळं ठप्प. त्यातही काही चॅनल आधी जातात, काही टिकून राहतात.

कंपनीला फोन केला तर "हवामान खराब आहे मॅडम" एवढंच उत्तर मिळतं. शेजारचे काका म्हणतात विजांमुळे होतं. दुसरे म्हणतात मुंबईच्या दमट हवेमुळे. एकाने मोठी डिश लावा म्हणून सांगितलं. यातलं खरं काय? शिवाय सोसायटीच्या पुढच्या सभेत उपग्रहावरून येणारं इंटरनेट घ्यावं का हा विषय आहे. टीव्हीची ही गत, तर त्याचं काय होईल?

डिशवाला_भांडुप

ताई, आकाशाकडे बोट दाखवायच्या आधी गच्चीवरचं बघून घ्या. पावसाळ्यात मला येणाऱ्या तक्रारींत बऱ्याच ठिकाणी दोष कनेक्टरचा निघतो. एलएनबीला (डिशसमोरच्या दांडीवरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) जी वायर स्क्रू करतात, तिथे पाणी शिरतं, आतली तांब्याची तार हिरवी पडते. किंवा एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत चित्र आपोआप आलं, तर दोष आकाशाचा. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर आलं, तर पाणी वायरीत आहे, कनेक्टर बदला.

कोरड्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सिग्नलचे दोन्ही आकडे लिहून ठेवा. त्यातला 'क्वालिटी'चा महत्त्वाचा. तो कोरड्या दिवशीच कमी असेल तर डिश हललेली आहे, पाऊस निमित्त. वायर एलएनबीजवळ थोडी खाली झोकात सोडून मग वर न्यायची, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं. आणि विजा चमकत असताना कोणालाही गच्चीवर पाठवू नका. त्या वेळी डिश हलवली तर पाऊस गेल्यावरही चित्र येणार नाही.

भूकेंद्र_६२

वैशालीताई, तुम्ही जे टिपलंय ते इतकं अचूक आहे की त्यातच बरंचसं उत्तर आहे. मी नोकरीची बरीच वर्षं महापेच्या एमआयडीसीत एका व्हीसॅट हबवर काढली. व्हीसॅट म्हणजे छोट्या डिशवरून उपग्रहामार्फत चालणारं जाळं, आणि हब म्हणजे त्याचं मुख्य केंद्र. बँकांच्या शाखा, एटीएम, पेट्रोल पंप असं सगळं आमच्या अँटेनावरून चालायचं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचा जीव आकाशाला टांगलेला असायचा. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दिशेचं. उदाहरणार्थ, ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह मुंबईतून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६५ अंश वर दिसतो. तिथून येणारी लहर तुमच्या डिशवर तिरकी उतरते. आपल्याकडे पावसाचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाण्याच्या रूपात असतात, त्याच्या वर बर्फ. म्हणजे शेवटचा सुमारे साडेपाच किलोमीटरचा तिरका रस्ता पावसाच्या पट्ट्यातून जातो, आणि त्याचं वरचं टोक तुमच्या गच्चीपासून आग्नेयेला सव्वादोन-अडीच किलोमीटरवर, म्हणजे थेट ठाणे खाडीवर असतं. जूनच्या सुरुवातीचे आणि ऑक्टोबरचे गडगडाटी ढग सह्याद्रीकडून, पूर्वेकडून येतात. ते आधी खाडीवर येऊन उपग्रह ते डिश ही तिरकी रेघ अडवतात आणि मग तुमच्या डोक्यावर येतात. या ढगांत पाणी पाच किलोमीटरच्याही वर फेकलं जातं, त्यामुळे ते आणखी लांबूनच आडवे येतात. ढग पश्चिमेला सरकला की घरावर पाऊस चालूच असतो, पण रेघ मोकळी झालेली असते, म्हणून चित्र परत येतं. जुलैतला पाऊस समुद्राकडून, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर ओलांडून येतो, तेव्हा तो आधी तुम्हाला भिजवतो आणि नंतर रेघेत शिरतो.

आमच्या हबवर उपग्रहाच्या बीकनची पातळी सतत कागदावर उमटत असे. बीकन म्हणजे उपग्रहाकडून येणारी एकसारखी, न बदलणारी खूण-लहर. ऑक्टोबरच्या दुपारी पारसिकच्या डोंगरावर काळोख दाटला की पेन थरथरायला लागायचं. आधी बारीक नागमोडी, मग एकदम उतार. पत्र्यावर पहिला थेंब वाजायच्या आत रेघ कागदाच्या तळाला टेकलेली. शिफ्टमधली नवी मुलं धावत रॅककडे जायची, कार्ड बदलायला बघायची. त्यांना हात धरून खिडकीशी आणायला लागायचं.

आता संततधार आणि सर. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे आणि लोक नेमकं हेच सोडतात. लहरीला एकूण किती पाऊस पडला याच्याशी देणंघेणं नसतं. त्या क्षणी तो किती जोरात पडतोय, एवढंच तिला लागतं. डीटीएचची लहर १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासची, केयू बँडची. ताशी ५ मिलिमीटरच्या पावसात ती किलोमीटरमागे सुमारे ०.१६ डेसिबल झिजते (डेसिबल हे इथे लहर किती क्षीण झाली ते सांगणारं माप). अख्खा रस्ता ओला धरला तरी एक डेसिबलही पुरता होत नाही. ताशी ५० मिलिमीटरची सर आली की हीच झीज किलोमीटरमागे २.४ डेसिबलच्या घरात जाते. पाऊस दहापट, झीज पंधरापट. अशी सर रस्त्याच्या चार किलोमीटरवर जरी पसरली तरी सुमारे १० डेसिबल गेले, म्हणजे दहातला एकच हिस्सा डिशपर्यंत पोचला.

आता हिशेब करा. ताशी ५ मिलिमीटरने चोवीस तास पडला तर १२० मिलिमीटर होतो, तुळशी भरतो, वर्तमानपत्रात फोटो येतात, आणि तुमचा टीव्ही हूं की चूं करत नाही. ताशी ५० ने दहा मिनिटं पडला तर जेमतेम ८ मिलिमीटर, बातमीही होत नाही, पण टीव्ही गेलेला असतो.

कारण थेंबात आहे. १२ गिगाहर्ट्‌झची लहर अडीच सेंटिमीटर लांबीची. जोरदार सरीतले मोठे थेंब चार-पाच मिलिमीटरचे. लहरीची लांबी आणि थेंबाचा आकार जितके जवळ येतात तितकी लहर थेंबात जास्त शोषली जाते आणि इकडेतिकडे विखुरली जाते. भुरभुर पावसाचे थेंब बारीक, धुक्याचे तर त्याहून कितीतरी बारीक, म्हणून त्यांचा त्रास कमी. जुन्या सी बँडची ४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेसात सेंटिमीटरची. तीच ५० मिलिमीटरची सर तिला किलोमीटरमागे ०.०६ डेसिबल एवढाच चिमटा काढते. १९७१ साली सुरू झालेलं पुण्याजवळच्या आर्वीचं विक्रम भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाशी बोलणारं जमिनीवरचं केंद्र, सी बँडवरच होतं. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराचे सौदे व्हीसॅटवरून सुरू झाले तेव्हाही व्हीसॅट म्हटलं की एक्सटेंडेड सी बँड असं समीकरण होतं. पावसाळी देशासाठी तो समंजस बँड. पण त्याला डिश मोठी लागते. खिडकीच्या ग्रिलवर मावणारी ६० सेंटिमीटरची डिश केयू बँडमुळे शक्य झाली, आणि पावसाची किंमतही सोबत आली.

झीज हा अर्धाच भाग. कोरड्या दिवशी डिश थंडगार आकाशाकडे बघत असते. मध्ये दाट पाऊस आला की ती सुमारे २७० ते २८० केल्विनच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या आसपासच्या पण आकाशापेक्षा खूपच गरम, पाण्याकडे बघते, आणि ते पाणी स्वतःच या वारंवारतेवर गोंगाट करतं. म्हणजे कुजबुज आणखी हळू झाली आणि त्याच वेळी बाजार भरला. डिजिटल प्रक्षेपण एका मर्यादेपर्यंत चुका दुरुस्त करत राहतं, तोवर चित्रात काहीच कळत नाही. ती मर्यादा ओलांडली की चौकोन, आणि मग निळा पडदा. म्हणून ते असं एका झटक्यात जातं.

काही चॅनल आधी का जातात? मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, आडवा पसरतो. त्यामुळे आडव्या ध्रुवणाच्या, म्हणजे आडव्या डोलणाऱ्या, लहरी उभ्यांपेक्षा थोड्या जास्त झिजतात. शिवाय प्रत्येक ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरच्या, चॅनलांचा एकेक गट खाली पाठवणाऱ्या यंत्राची) ताकद आणि चुका दुरुस्त करणारं कोडिंग वेगळं असतं. तुम्ही ते नुसत्या डोळ्यांनी टिपलंत याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

शेजारच्या काकांना सांगा, वीज निर्दोष आहे. तिचा खरखराट खालच्या वारंवारतेवर असतो, जुन्या रेडिओवर तो ऐकू यायचा. १२ गिगाहर्ट्‌झला तिची बाधा नाही. पण वीज पाडणारा ढगच मोठमोठे थेंब घेऊन येतो, म्हणून संशय तिच्यावर जातो. दमट हवेचंही तसंच. पाण्याची वाफ २२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास लहर शोषते आणि ऑक्सिजन ६० च्या आसपास. १२ वर मे महिन्याच्या घामट हवेचा परिणाम डेसिबलच्या किरकोळ अंशाचा.

मोठी डिश लावा हा सल्ला मात्र बरोबर आहे. ६० च्या जागी ९० सेंटिमीटरची लावलीत तर सुमारे साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. मध्यम सरी त्यात निभावतील, ढगफुटीसारखा पाऊस नाही. बाबांसाठी मी हा खर्च करीन. आधी भांडुपवाल्यांनी सांगितलेलं कनेक्टरचं काम करून घ्या.

आणखी एक. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भर दुपारी बाराच्या आगेमागे, स्वच्छ उन्हात काही मिनिटं चित्र गेलं तर घाबरू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. हवेचा त्यात काही संबंध नाही.

नाखवा_मढ

आमचा प्रश्न याच्या उलटा आहे. बोटीवरचं जीपीएस धुवांधार पावसात कधी हललं नाही. पण मार्च-एप्रिलात, आभाळ एकदम साफ, समुद्र शांत, दिवस मावळल्यावर दीड-दोन तासांनी जागा इकडेतिकडे उडते, कधी उपग्रहच कमी दिसतात. मशीन दाखवलं, त्यात काही निघालं नाही. रात्री उशिरा आपोआप ठीक होतं. हे कशाने?

स्वाती_कळंबोली

नाखवा, तुमचं मशीन चांगलं आहे. मी भूचुंबकत्वाची विद्यार्थिनी आहे आणि तुम्ही सांगताय तो माझ्या अभ्यासाचाच विषय, म्हणून राहवलं नाही.

पाऊस खालच्या पाच किलोमीटरमधला. तुमचा त्रास त्याच्या खूप वर, साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातला. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. थुंबा त्याच्या जवळ आहे म्हणूनच १९६३ साली पहिलं रॉकेट तिथून उडालं. सूर्य मावळल्यावर या पट्ट्यात आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाट राहतो, आणि विरळ भागाचे प्रचंड बुडबुडे वर चढू लागतात. ते चुंबकीय रेषांच्या आधाराने उत्तरेला मुंबईच्या अक्षांशापर्यंत आणि पुढेही पसरतात. त्यांच्या खडबडीत कडांतून जाताना लहर लखलखते, कधी जोरात, कधी क्षीण. रिसीव्हरची पकड सुटते. भारताच्या भागात हे विषुवदिनांच्या महिन्यांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त दिसतं, आणि सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत आणखी वाढतं.

पण आयनांबराचा नियम पावसाच्या बरोब्बर उलटा आहे. त्याच्यामुळे लहरीला होणारा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. जीपीएसची मुख्य लहर १.५७५ गिगाहर्ट्‌झची. १२ गिगाहर्ट्‌झला तोच उशीर सुमारे ५८ पटींनी कमी. म्हणून वैशालीताईंच्या टीव्हीला या संध्याकाळी काही होत नाही, आणि तुमच्या जीपीएसला पाऊस काही करत नाही. दोन वारंवारता वापरणारा रिसीव्हर उशिराचा हिशेब स्वतः करतो. जीपीएससारखीच आपली भारतीय उपग्रह प्रणाली आहे 'नाविक', तिच्यात तर १.१७६ आणि २.४९२ गिगाहर्ट्‌झ अशा एकमेकांपासून लांबच्या दोन लहरी आहेत, त्यामुळे तो हिशेब चांगला जमतो. लखलखाटाने पकडच सुटली तर मात्र त्याचाही इलाज चालत नाही. त्या तासांत खडकांजवळून जाताना जुन्या खुणांवरही नजर ठेवा, ही मनापासून विनंती.

जाता जाता, मुंबईचं या विषयाशी जुनं नातं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात चुंबकीय नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं. तिथे ते आजही चालू आहे.

वैशाली_मुलुंड

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना खाडीवरच्या त्या रेघेचं वाचून दाखवलं. काल ते खिडकीतून ऐरोलीकडे बघून म्हणाले, "आता जाणार बघ," आणि गेलंच! भूकेंद्र काका, इंटरनेटचं राहिलं. सभा रविवारी आहे. विक्रेता ९९.९ टक्के चालेल म्हणतोय.

भूकेंद्र_६२

बाबांना माझा नमस्कार सांगा.

९९.९ टक्के ऐकायला भारी वाटतं. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाचे पावणेनऊ तास. ते वर्षभर सारखे वाटून येत असते तर कोणाला कळलंही नसतं. आपल्याकडे ते सगळे चार महिन्यांत येतात, आणि त्यातही नेमक्या त्या दुपारी येतात जेव्हा लोकल बंद असतात आणि प्रत्येक जण घरून काम करायला बसलेला असतो. म्हणून विक्रेत्याला वर्षाचा आकडा विचारू नका. सर्वांत वाईट महिन्याचा विचारा, आणि तो मुंबईचा की सरसकट देशाचा, हेही विचारा.

दुसरा प्रश्न बँडचा. केए बँड असेल तर उपग्रहाकडून खाली येणारी लहर २० गिगाहर्ट्‌झची आणि वर जाणारी ३० ची. ताशी ५० मिलिमीटरच्या सरीत पहिली किलोमीटरमागे साडेपाच-सहा डेसिबल झिजते, दुसरी दहाच्या जवळ. केयूच्या दुपटीहून जास्त, आणि वर जाताना चौपट. इस्रोने जानेवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१४ वर २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्‌झचे दोन बीकन मुद्दाम याच अभ्यासासाठी बसवले होते. आपला पाऊस युरोपच्या तक्त्यांत बसत नाही, तो आपणच मोजायला हवा. त्या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो.

खालच्या कक्षेतले नवे उपग्रह घरच्या डिशशी बहुधा केयूवर बोलतात, पण मुख्य भूकेंद्राशी केएवर. म्हणजे तुमच्याकडे कोरडं असलं तरी भूकेंद्रावर मुसळधार असेल तर खोळंबा तिथे होऊ शकतो. म्हणून तिसरा प्रश्न: भूकेंद्र किती आहेत आणि एकमेकांपासून किती लांब? जोरदार पावसाचा गाभा थोड्याच किलोमीटरचा असतो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. दुसरं भूकेंद्र वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल तर काम त्याच्याकडे वळवता येतं.

इंटरनेटला टीव्हीपेक्षा एक मोठा फायदा आहे. टीव्हीचं प्रक्षेपण सगळ्या देशाला एकच, ते तुमच्या एका घरासाठी बदलता येत नाही. इंटरनेटमध्ये दोन्ही टोकं एकमेकांशी बोलत असतात, त्यामुळे पाऊस वाढला की ती आपोआप हळू पण जास्त भक्कम कोडिंगवर जातात. वेग निम्म्यावर येतो, पाव होतो, पण ईमेल आणि साधा फोन बराच वेळ तग धरतो. शिवाय एका दिशेला ढग असेल तर दुसऱ्या दिशेचा उपग्रह घेता येतो, मात्र त्यासाठी गच्चीवर चारी बाजूंनी मोकळं आकाश हवं. तुमच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसवू देऊ नका.

माझं मत विचाराल तर फायबर मुख्य ठेवा आणि हे जोडीला घ्या. दोघांच्या आजारपणाच्या वेळा वेगळ्या असतात. रस्ता खणला की फायबर जातं, सर आली की हे. आणि राउटरला बॅटरी लावून घ्या, कारण मोठ्या पावसात पहिली जाते ती वीज.

डिशवाला_भांडुप

टाकीचं अगदी खरं. ताई, ९० ची डिश घेणार असाल तर स्टँड भिंतीत अँकर बोल्टने पक्का करून घ्या, नुसत्या विटांवर ठेवू देऊ नका. मोठी डिश वारा जास्त धरते, आणि तिचा झोत बारीक असल्याने थोडी हलली तरी सिग्नल सुटतो. सप्टेंबर सरल्यावर करा हे काम, गच्ची कोरडी असताना.

वैशाली_मुलुंड

कनेक्टर बदलून घेतले. एक खरंच हिरवा पडला होता. तीन प्रश्न कागदावर लिहून घेतले आहेत, सभेत विक्रेत्यासमोर विचारते आणि काय सांगतो ते इथे लिहिते.